रुग्णवाहिकेचे प्रात्यक्षिक: नारळ फोडण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

उत्पादकाची माणसे नवी रुग्णवाहिका दाखवायला आणतात, तो कार्यक्रम बहुतेक ठिकाणी सारख्याच पद्धतीने पार पडतो. गाडी रुग्णालयाच्या पोर्चमध्ये सावलीत उभी राहते, विश्वस्त किंवा नगराध्यक्ष येतात, मागचे दार उघडले जाते, एसीची गार झुळूक लागते, सायरन एकदा वाजवून दाखवला जातो आणि चहा होतो. ज्या चालकाला ती गाडी रात्री अडीच वाजता घाटात न्यायची आहे आणि ज्या परिचारिकेला तिच्यात वाकून सलाइन लावायचे आहे, ती दोघे या वेळी गर्दीच्या मागे उभी असतात. उत्पादक फसवतो असे नाही. तो उभी, रिकामी आणि कोरी गाडी दाखवतो, आणि आपण तेवढीच पाहून मान डोलावतो.

गाडी चालती, भरलेली, तापलेली आणि अंधारातली असताना कशी वागते, हे सही करण्यापूर्वी पाहण्याचा क्रम पुढे दिला आहे. तो धर्मादाय ट्रस्ट, नगरपालिका आणि मध्यम आकाराची रुग्णालये यांना समोर ठेवून लिहिला आहे. टप्पे मागेपुढे केल्यास पुष्कळ श्रम वाया जातात, म्हणून क्रम शक्यतो मोडू नये.

## टप्पा १: गाडी पाहण्यापूर्वी गरज एका पानावर लिहा

गाडी एकदा पाहिली की गरज त्या गाडीच्या मापाची वाटू लागते, म्हणून हे पान प्रात्यक्षिकाच्या किमान आठ दिवस आधी तयार असावे. गेल्या वर्षाची लॉगबुके काढा आणि एवढे मोजा: किती फेऱ्या अपघाताच्या जागेवरून किंवा घरून रुग्ण आणण्याच्या होत्या, किती एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे नेण्याच्या होत्या, सर्वांत लांबची नेहमीची फेरी किती तासांची होती, आणि प्रत्यक्षात रुग्णाजवळ कोण बसले होते.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. एआयएस १२५ या मानकानुसार आपल्याकडे रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत. ए म्हणजे प्रथम प्रतिसादासाठीचे वाहन, बी म्हणजे साधी रुग्णवाहतूक, सी म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोयींची बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे प्रगत जीवरक्षक सोयींची अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट. वर्गणी गोळा झाली की समितीचे मन हमखास डी प्रकाराकडे धावते, कारण गाडीवर ‘कार्डिअ‍ॅक’ हा शब्द लिहिता येतो. परंतु मानक गाडीचे आहे, सेवेचे नव्हे. व्हेंटिलेटर चालवणारा माणूस तिन्ही पाळ्यांत उपलब्ध नसेल, तर ते यंत्र धूळ खात पडते आणि त्याची जागा मात्र अडून राहते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली तेव्हाच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक होत्या. राज्यभराच्या सेवेने जे प्रमाण ठेवले, त्याचा विचार एका तालुक्याच्या ट्रस्टने करायला हरकत नाही.

त्याच पानावर आपली मापेही लिहा. पोर्चच्या स्लॅबची उंची, फाटकाची रुंदी, गाडी ठेवण्याच्या शेडची उंची आणि गावातल्या सर्वांत अरुंद नेहमीच्या गल्लीची रुंदी टेपने मोजा. उंच छताची गाडी आत उभे राहायला सोयीची खरी, पण छतावरचा एसी आणि दिव्यांची पट्टी धरून तिची उंची किती होते, हे माहितीपत्रकात नेहमी लिहिलेले नसते.

तपासा: या पानावर चालक, परिचारिका आणि अपघात विभागाचे डॉक्टर या तिघांच्या सह्या आहेत का? नसतील तर प्रात्यक्षिकाची तारीख देऊ नका.

## टप्पा २: उत्पादकाला पत्र आणि आपली जमवाजमव

पत्रात तीन गोष्टी स्पष्ट मागा. दाखवायला आणलेली गाडी आणि दरपत्रकातली गाडी एकाच व्हेरिएंटची असावी, आणि तसे नसल्यास कोणती वस्तू किमतीत आहे व कोणती जादा पैशांची, याची यादी गाडीबरोबर यावी. गाडीला रस्त्यावर चालवण्यासाठी वैध नोंदणी आणि विमा असावा, म्हणजे ‘फक्त उभी दाखवायला आणली आहे’ असे ऐकावे लागणार नाही. तिसरे म्हणजे गाडी संपूर्ण दिवस आणि अंधार पडल्यानंतर निदान एक तास थांबावी. एवढा वेळ द्यायला जो तयार नाही, त्याची विक्रीनंतरची सेवा कशी असेल याचा अंदाज तिथेच बांधावा.

आपल्या बाजूने हजर असावेत ते दोन पाळ्यांचे चालक, परिचारिका किंवा ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ), एक वॉर्डबॉय, गाडी धुणारा माणूस, रुग्णालयाचा इलेक्ट्रिशियन आणि लिहून घेणारी एक व्यक्ती. गाडी धुणाऱ्याला बोलावण्याचे आश्चर्य वाटू देऊ नका. गाडीचे कोपरे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसतात. पदाधिकाऱ्यांना दुपारी चारनंतरची वेळ द्यावी.

सोबत ठेवायच्या वस्तू: नेहमीच्या पुरवठादाराकडचा भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, आपला मॉनिटर आणि सिरिंज पंप (ठरावीक वेगाने औषध देणारे यंत्र), स्पाइन बोर्ड (जखमीला न हलवता उचलण्याची फळी), मोजपट्टी, तापमापक, साबणाचे पाणी, पाण्याचा पाइप आणि ऐंशी-पंचाऐंशी किलो वजनाचा, विनोदबुद्धी शाबूत असलेला एक सहकारी.

## टप्पा ३: आधी कागद, मग वजनकाटा

गाडीच्या आत पाय ठेवण्यापूर्वी कागद पाहावेत. टाइप अप्रूव्हलचे, म्हणजे गाडीचे मॉडेल नियमांप्रमाणे असल्याचे, प्रमाणपत्र नेमक्या त्याच मॉडेलचे, त्याच व्हेरिएंटचे आणि रुग्णवाहिका म्हणूनच असले पाहिजे. अशी प्रमाणपत्रे पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या मान्यताप्राप्त संस्था देतात. मूळ प्रवासी गाडीचे प्रमाणपत्र दाखवून ‘आतले काम आमच्या वर्कशॉपमध्ये केले आहे’ असे कोणी सांगितले, तर तिथेच थांबावे. चॅसिस एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असेल, तर नोंदणीच्या वेळी फॉर्म २२-ए चे दोन्ही भाग लागतात, एक चॅसिस बनवणाऱ्याचा आणि दुसरा बॉडी बांधणाऱ्याचा. दुसरा भाग कोण आणि केव्हा देणार, हे आजच विचारून लिहून घ्यावे.

यानंतर गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. एक काल्पनिक हिशेब पाहा. गाडीचे मान्य एकूण वजन ३,५०० किलो आहे आणि काट्यावर ती स्ट्रेचर व सिलिंडरांशिवाय २,९०० किलो भरली, तर हाती उरतात ६०० किलो. चालक, मदतनीस, डॉक्टर, रुग्ण आणि दोन नातेवाईक सरासरी ७० किलोंचे धरले तरी ४२० गेले. भरलेला डी-टाइप ऑक्सिजन सिलिंडर (इथे डी हा सिलिंडरचा आकार, गाडीचा प्रकार नव्हे) साधारण ६० किलोंचा असतो, असे दोन धरले की १२०. उरलेल्या ६० किलोंत स्ट्रेचर आणि त्याचा लोडर बसला तर बसला, आणि मॉनिटर, व्हेंटिलेटर, सक्शन (रुग्णाच्या घशातला स्राव ओढणारे यंत्र), औषधांची पेटी, स्पाइन बोर्ड यांची अजून गणतीच झालेली नाही. अशी गाडी नवी असतानाच ओव्हरलोड असते. ब्रेक लवकर झिजतात, मागचे पाटे बसतात, आणि दोष मात्र चालकाला दिला जातो.

सावधान: दरपत्रकात ‘आसनक्षमता’ वाढवून दाखवली असेल तर खूश होऊ नका. नातेवाइकांसाठीची प्रत्येक जादा जागा याच हिशेबातून वजा होते.

## टप्पा ४: उभ्या गाडीतील चाचण्या

आतल्या चाचण्यांचाही क्रम ठरलेला आहे: स्ट्रेचर, मग हाताचा पल्ला, मग ऑक्सिजन, मग सक्शन आणि शेवटी वीज. स्ट्रेचर नीट चढत नसेल तर पुढचे पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून तो पहिला.

### स्ट्रेचर

उत्पादकाचा माणूस रिकामा स्ट्रेचर एका हाताने आत ढकलून दाखवेल. त्याचे कौतुक करून त्याला बाजूला उभे करा आणि आपल्या जड सहकाऱ्याला स्ट्रेचरवर झोपवून, पट्टे बांधून, आपल्याच दोन माणसांकडून तो चढवून घ्या. त्यांपैकी एक व्यक्ती आपल्या ताफ्यातली सर्वांत कमी उंचीची असावी. सपाट जमिनीवर पाच वेळा झाले की गाडी उतारावर नाक वर करून उभी करा आणि पुन्हा पाच वेळा करा. पुढचे पाय दुमडताना झटका बसतो का, चाक उंबरठ्यावर अडते का, बोटे चिमटण्याची जागा कुठे आहे, हे पाचव्या-सहाव्या वेळेनंतर कळते. पहिल्या वेळी सगळेच जपून वागतात.

स्ट्रेचर आत गेल्यावर कुलूप लागल्याचा आवाज येतो. आवाजावर विश्वास ठेवू नका. तो दोन्ही हातांनी मागे ओढा, बाजूला हलवा आणि वर उचलून पाहा. रुग्णकक्षातली प्रत्येक जड वस्तू जोराचा धक्का सोसून जागेवर राहिली पाहिजे. युरोपातील रुग्णवाहिकांचे ईएन १७८९ हे मानक त्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या दहापट त्वरणाची अट घालते. म्हणजे पाच किलोंचा मॉनिटर त्या क्षणी पन्नास किलोंसारखा ओढ घेतो. घराच्या भिंतीवरचा स्क्रू त्याला पुरणार नाही.

### हाताचा पल्ला

परिचारिकेला तिच्या जागेवर बसवून पट्टा लावा आणि पट्टा न सोडता पुढील गोष्टी करायला सांगा: रुग्णाच्या तोंडावर मास्क लावणे, ऑक्सिजनचा फ्लो वाढवणे, सक्शनची नळी घेणे, सलाइनचा वेग बदलणे, हातमोज्यांचा खोका काढणे आणि चालकाला हाक मारणे. ज्या ज्या कामासाठी तिला पट्टा सोडावा लागतो, ते काम ती चालत्या गाडीत उभे राहून करणार, हे गृहीत धरावे. त्यांतली किमान पहिली तीन कामे बसून होत नसतील, तर आतली मांडणी बदलून मागावी. ऑर्डर देण्यापूर्वी ती बदलून मिळते, नंतर मिळत नाही.

### ऑक्सिजन

इथे मी स्वतः खाल्लेली ठेच सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक गाडी घेतली. सिलिंडरांचे कप्पे सुबक होते, दारे छान बंद होत होती. पहिल्या लांब फेरीत एक सिलिंडर संपला, तेव्हा लक्षात आले की दुसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी कप्प्याचे दार पूर्ण उघडावे लागते आणि ते दार स्ट्रेचरच्या दांडीला अडते. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, रुग्णासह स्ट्रेचर हातभर बाहेर ओढून, आम्ही व्हॉल्व्ह उघडला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते दार आम्ही उघडून पाहिले होते, पण तेव्हा स्ट्रेचर बाहेर होता.

म्हणून सिलिंडर बदलण्याची चाचणी स्ट्रेचर आणि त्यावरचा माणूस आत असतानाच घ्यावी, आणि घड्याळ लावून घ्यावी. आपल्या पुरवठादाराचा सिलिंडर त्या जोडणीला बसतो का, हेही त्याच वेळी कळते. लहान सिलिंडरांना पिन-इंडेक्सची आणि मोठ्यांना बुलनोजची जोडणी असते, त्यामुळे ‘बसेल’ या शब्दावर भागत नाही.

गळती पाहण्यासाठी सिलिंडर उघडून पाइपलाइन दाबाखाली आणा, सर्व आउटलेट बंद ठेवा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गेजचा काटा पंधरा मिनिटे पाहा. काटा उतरला तर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा.

सावधान: ऑक्सिजनच्या जोडांना तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावू देऊ नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस पेट घेऊ शकते. वर्कशॉपचा माणूस सवयीने डबी काढतो, त्याला अडवा.

साठ्याचा हिशेब सोपा आहे. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो आणि डी-टाइपमध्ये ७,०००. मिनिटाला १० लिटर दिले तर बी-टाइप अडीच तास पुरतो आणि १५ लिटर दिले तर शंभर मिनिटे. टप्पा १ मध्ये लिहिलेली सर्वांत लांब फेरी घ्या, तिची दुप्पट वेळ धरा आणि तेवढा साठा बसतो का ते पाहा. दुप्पट यासाठी की घाट बंद होतो, किंवा गाडी पोहोचल्यावर तिथे खाट मिळेपर्यंत रुग्ण आतच राहतो.

### सक्शन

नळीचे तोंड दाबून धरल्यावर चार सेकंदांत गेज ३०० मिमी पाऱ्यापर्यंत गेला पाहिजे. मग वाटीभर घट्ट पेज ओढून पाहा. साधे पाणी कोणतेही यंत्र ओढते.

### वीज

इंजिन बंद ठेवून आतले दिवे, पंखा, सक्शन, मॉनिटर आणि सिरिंज पंप सगळे एकदम अर्धा तास चालवा आणि नंतर स्टार्टर मारा. गाडी सुरू झाली नाही, तर रुग्णकक्षाची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून खऱ्या अर्थाने वेगळी केलेली नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आहे का, हे त्याच्या पट्टीवर वाचा, कारण काही वैद्यकीय उपकरणे दुसऱ्या प्रकारच्या इन्व्हर्टरवर बिघडतात. बाहेरून वीज जोडण्याचा सॉकेट असेल, तर वायर लावलेली असताना गाडी सुरू केल्यास काय होते ते विचारा. काही गाड्यांत ती सुरूच होत नाही किंवा इशारा मिळतो, काहींत वायरसकट गाडी निघते. फ्यूजपेटी कुठे आहे आणि तिच्यावरची नावे चालकाला वाचता येतील अशी आहेत का, हे इलेक्ट्रिशियनने पाहावे.

एसीची चाचणी मात्र दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, गाडी तासभर उन्हात उभी करून घ्यावी. तापमापक रुग्णाच्या डोक्याशी आणि पायाशी ठेवा. डोक्याशी गारठा आणि पायाशी भट्टी अशी मांडणी पुष्कळ गाड्यांत आढळते.

## टप्पा ५: चालत्या गाडीतील चाचणी

गाडी आपल्या चालकाने चालवावी आणि रस्ताही आपला असावा. चिपळूणच्या सेवेने कुंभार्ली घाट चढून पाहावा. नाशिकच्या सेवेने नव्या महामार्गावर फेरफटका मारून समाधान मानू नये, जिथून गरोदर स्त्रिया येतात त्या पाड्याचा रस्ता निवडावा. स्ट्रेचरवर माणूस पट्ट्यांनी बांधलेला असावा, बाकी सगळे पट्टा लावून बसलेले असावेत आणि कोणीही उभे राहू नये.

स्ट्रेचरवर झोपण्याचा मान खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याला द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. गतिरोधकावरून जाताना मागच्या चाकांवर पडलेल्या माणसाला जे कळते, ते पुढच्या सीटवरून कधीच कळत नाही. वळणावर डोके कुठे सरकते, छतातला दिवा थेट डोळ्यांत येतो का, सायरन आतच जास्त ऐकू येतो का, हे त्याने उतरल्यावर लगेच सांगावे आणि ते लिहून घ्यावे.

मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही याची खात्री करून, ताशी ४० किलोमीटरवरून दोन वेळा जोरात ब्रेक लावा. खण उघडले, खोका पडला, सलाइनची बाटली हुकावरून सुटली, तर प्रत्येक गोष्टीची नोंद करा. खडखडाट कुठून येतो तेही शोधा. नव्या गाडीत जे वाजते, ते वर्षभराने सुटून हातात येते.

तपासा: चालक आणि मागची व्यक्ती यांना सायरन चालू असताना एकमेकांचे बोलणे ऐकू येते का?

## टप्पा ६: पाणी आणि अंधार

पाइपने छतावर, दारांच्या फटींवर आणि दिव्यांच्या पट्टीवर दहा मिनिटे पाणी मारा आणि आत कोरड्या हाताने चाचपा. मग आतली जमीन धुवा. पाणी कुठे साचते, स्ट्रेचरच्या रुळाखाली हात जातो का, जमीन भिंतीला मिळते तिथे गोलाई आहे की काटकोनाची फट, हे गाडी धुणाऱ्यालाच ठरवू द्या. त्या फटीत गेलेले रक्त फडक्याने निघत नाही.

अंधार पडल्यावर आतले सर्व दिवे लावून हातावरची शीर दिसते का ते पाहा. मागचे दार उघडल्यावर बाहेरच्या जमिनीवर उजेड पडला पाहिजे, कारण शेतातल्या बांधावरून स्ट्रेचर आणणाऱ्याला आतल्या उजेडाचा काहीच उपयोग नसतो. शंभर पावलांवर उभे राहून बाजूची परावर्तक पट्टी विजेरीच्या प्रकाशात पाहा.

## टप्पा ७: ऑर्डर लिहिणे

दिवसभरात सापडलेल्या त्रुटींची यादी दरपत्रकाला जोडून, ‘या दुरुस्त्यांसह’ असे लिहूनच ऑर्डर द्यावी. तोंडी मान्य केलेली कोणतीही दुरुस्ती विक्री अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर नाहीशी होते. चॅसिस, बॉडी आणि उपकरणे यांची वॉरंटी वेगवेगळी असते, त्यामुळे तीन स्वतंत्र मुदती, तीन जबाबदार व्यक्ती आणि जवळच्या सेवाकेंद्राचे अंतर मागून घ्या. एकापेक्षा अधिक गाड्या असतील, तर पहिली गाडी तपासून मान्य झाल्यावरच बाकीच्यांचे काम सुरू होईल, अशी अट घाला. आतील पत्रे लावून भिंती बंद होण्यापूर्वी वायरिंगचे आणि ऑक्सिजनच्या पाइपचे फोटो मागा. तीन वर्षांनी बिघाड शोधताना ते फोटो उपयोगी पडतात.

## टप्पा ८: ताबा

चॅसिस आणि इंजिनचे क्रमांक कागदांशी जुळवा, मग टप्पा ४ च्या सर्व चाचण्या पुन्हा घ्या. प्रात्यक्षिकाची गाडी वेगळी होती आणि ही वेगळी आहे, हे विसरू नका. शासकीय संस्थांनी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी केली असल्यास माल मिळाल्याची नोंद झाल्यापासून स्वीकृतीचा निर्णय १० दिवसांत द्यावा लागतो. ते दिवस उद्घाटनासाठी पाहुण्यांची तारीख मिळवण्यात घालवू नयेत.

केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या वाहनाला परमिट लागत नाही, पण नोंदणी, विमा आणि फिटनेस लागतेच, आणि नोंदणी पुस्तकातील वाहनाच्या प्रकारात रुग्णवाहिका असेच लिहिलेले असले पाहिजे. दुसरेच काही लिहिले गेले आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो.

सर्व पाळ्यांना उत्पादकाच्या माणसाकडून प्रशिक्षण द्या, आणि शिकवून झाल्यावर त्यालाच प्रेक्षक करून आपल्या माणसांकडून सिलिंडर बदलून घ्या. पहिला आठवडा रुग्णाविना रोज एक फेरी मारा. हजार किलोमीटर झाल्यावर स्ट्रेचरचे रूळ, सिलिंडरचे पट्टे, खुर्च्या आणि मॉनिटरची पकड यांचे सर्व बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि ढिले निघालेल्या प्रत्येक बोल्टची जागा लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.